दुकानाच्या अक्षता

माय, आज तुझा पुन्हा एकदा मरणाचा राग आला म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा ताप संपत नाही बघ. दादाची धाकटी लॅपटॉप घेऊन आलीय. आत्याचं ब्लाउजचं दुकान तिला मोबाइलवर चढवायचंय. सकाळपासून डोकं खाऊन राह्यली, "आत्या, सुरुवातीला गिऱ्हाईक कसं जमवलं? काहीतरी स्ट्रॅटेजी असेलच ना?" असेलच ना म्हणते! होती ना बाई. चांगली वहीच्या पानावर लिहून काढलेली होती. माझ्या आईनं तिचा पार चोथा केला, हे या पोरीला कोणत्या तोंडानं सांगू?

तुला आठवत असेल, आंध्राच्या हद्दीतल्या आपल्या भैंशाला बस स्टँडसमोर पहिला एसटीडी बूथ लागला, ते वर्ष. नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली आणि मी ट्रंक घेऊन तुझ्याकडे परत आले. दादानं स्टँडमागचा गाळा पाहून दिला, मशीन तुझं जुनंच. दादा वाईट नव्हता, पण त्याच्या घरात आधीच खाणारी तोंडं भरपूर. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहू. चाललं तर चाललं. नाहीतर मीच तुला सासरी नेऊन सोडतो." सासरी म्हणजे काय, तर त्या दुसरीच्या भाकरी थापायला. म्हणून मी डोकं लावलं. पंधरा दिवस नुसती दारात उभी राहून कोण येतं, कोण जातं ते पाहिलं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या आपल्या बाया, शाळेतल्या तेलुगू मास्तरीणबाया, हिंदी बोलणाऱ्या कापसाच्या व्यापाऱ्यांच्या बायका. मग तिन्ही भाषांत पांपलेट छापली: सकाळी खण द्या, शेवटच्या बसच्या आधी ब्लाउज न्या. खेड्यातल्या बाईला दुसरा हेलपाटा नको, हे माझं मी ओळखलं होतं. आहे की नाही अक्कल? रिक्षाला भोंगा बांधून दिवसभर फिरवला. झालं काय, तर रिक्षावाल्यानं दुकानाचं नाव एकदा घेतलं आणि गाणी दहा वाजवली. पांपलेटात लोकांनी भजी बांधून खाल्ली. आठ दिवसांत एकच माणूस आला, तोही सदऱ्याची गुंडी लावून मागायला.

आणि तू काय म्हणालीस? चुलीपुढून मानही वर न करता म्हणालीस, "कागद फेकून कोणी येते काय व? कुत्र्याले तुकडा टाकल्यावाणी फेकता. मानसाले दारात जाऊन बोलवा लागते." मी म्हटलं, तू गप बस, तुला यातलं काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन निघालीस. मला वाटलं, मावशीकडे चाललीस. चार दिवसांनी आलीस ती पायाला फोड घेऊन, आणि कुठं होतीस ते विचारलं तर म्हणे, "फिरून आली जराशी."

मग तो दिवस. मी मशीनवर बसलेय आणि दारात बैलगाडी थांबते. मागून दुसरी. बसमधून उतरलेल्या बाया विचारत विचारत येतात. ठेवणीतली लुगडी, हातात नारळ, खण, कोणाकडे तांब्या. मी खुळ्यासारखी पाहतेय. तेवढ्यात तुझी ती चुलतबहीण, बिनदाताची, पुढं येते आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "काऊन व, नवरदेव कुठी हाय?" तेव्हा मला उमगलं. तू चार गावं हिंडून दारोदार पिवळ्या अक्षता देऊन आली होतीस! दुकान आहे असं तू सांगितलंही असशील, पण हातावर अक्षता पडल्यावर पुढचं कोण ऐकतं? अख्ख्या इलाख्यात झालं होतं, पोरीचा पाट लागून राह्यला, दुसरं लगन हाय. माझा संसार मोडून वर्ष झालं नव्हतं आणि आई माझ्या अक्षता वाटत फिरली! धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तू पदर खोचून पुढं आलीस. "नवरदेव नाही. लगन नाही. पोरीनं दुकान टाकलं. माही पोरगी आता कुठी जात नाही." मग तू म्हणालीस, "खण आनले ना? मंग ते हिच्या वटीत टाकू नका. माप द्या, शिवून घ्या, अंगात घालून घरी जा. आन तुमी शिरा खाल्ल्याबिगर जायचं नाही." एक बाई हसली, "घ्या! माहा आहेर माह्याच अंगावर!" मग सगळ्याच हसल्या. मी मापं घेतली. संध्याकाळी मात्र तुझ्यावर तुटून पडले, माझा तमाशा केलास म्हणून. तू शिऱ्याची कढई घासत होतीस. म्हणालीस, "तमाशाले गर्दी तर होते ना."

दिवाळीला दुसरं मशीन आलं आणि दादानं सासरचा विषय काढला नाही. पण त्या बाया काही गिऱ्हाईक झाल्या नाहीत, सोयऱ्या झाल्या! चहा पाजा, त्यांच्या नातवंडांच्या लग्नाला जा, बाही घट्ट झाली तर चार गावांत बोभाटा. तू गेलीस सुटून, मी तीस वर्षं निस्तरतेय. आज पोरीनं विचारलं, लोकांना खेचायला कंटेंट काय होतं? मी वैतागून म्हटलं, शिरा. तिनं तेही लिहून घेतलं.

हे पत्र तुला कुठल्या पत्त्यावर टाकणार? म्हणूनच लिहितेय, समोर असतीस तर जीभ रेटली नसती. त्या म्हातारीनं नवरदेव कुठी हाय विचारलं ना, तेव्हा मी रस्त्याकडे पाहिलं होतं. वाटलं, एवढं सगळीकडे झालंय, माझ्या नवऱ्याच्याही कानावर गेलं असेल, आला असेल. तेवढ्यात तू "नवरदेव नाही" म्हणालीस. म्हातारीनं विचारलं होतं, पण पाहत तू माझ्याकडे होतीस. तमाशा केला म्हणून मी भांडले ते खोटं होतं. तो आला असता ना माय, तर मी मशीन तसंच टाकून त्याच्यामागं गेले असते.