खोटी कॉइल

सिंदी (रेल्वे)
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय मेघा,
सप्रेम जयभीम.

सोबतच्या खोक्यात काय आहे ते आधी लिहितो, म्हणजे मोजून घेशील. सगळं माझ्या हातचं आहे. सागवानाच्या दोन रिंगा, आतून-बाहेरून घासलेल्या. दोन्हींवर अठरा गेजची तांब्याची तार, प्रत्येकी एकशे साठ फेरे, चार थर, एकही फेरा तिरपा नाही. पितळी स्क्रू बारा. लोखंडाचा एकही नाही, काऊन ते तुला सांगायला नको. वार्निशचे दोन हात, दोन दिवस उन्हात वाळवलेले. दिसायला ही जोडी तुमच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या जोडीसारखीच आहे. फरक कुठे आहे तो पुढे लिहितो.

इकडे ठीक आहे. दुकानात सध्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायला रोज दोन-तीन येतात. आईची खाट मी अजून अंगणातून आत घेतली नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान ठेवून तरी देता येते.

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बॅग खांद्यावर टाकून तू दारातच विचारलंस, "दादा, तुले केव्हा समजलं?" मी म्हटलं, "काय समजलं?" आणि चहाचे कप गोळा करायला लागलो. तू गेलीस. त्याला आता तीन महिने होतील. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र आहे, पण मला ते क्रमानं लिहू दे.

गेल्या वर्षी पोळ्याला तू पहिल्या जोडीचं माप घेऊन आलीस. हाडाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांना घरच्या विजेइतक्या हळू फिरणाऱ्या चुंबकत्वात ठेवायचं आणि काय होते ते पाहायचं. मी जोडी बनवून दिली. तुझ्या सरांनी विचारलं, कोण्या इंजिनियरनं बनवलं? तू म्हणालीस, माझ्या भावानं, तो आयटीआयलाही गेला नाही. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवत होतो.

दिवाळीत तुझा फोन आला. "दादा, तुह्या कॉइलमधल्या पेशी दीडपट भरल्या!" आणि त्याच महिन्यात आईची नडगी दुखायला लागली. मी विचार केला, हाडाच्या पेशी बशीत वाढतात तर पायात का नाही वाढणार? चार दिवसांत आईच्या पायाच्या मापाची एक जोडी बनवली. रोज संध्याकाळी अर्धा घंटा. लावून झालं की मी विचारायचो, "सोळा आण्यातलं दुखणं किती उतरलं?" आई म्हणायची, "सहा आणे उतरलं, बाबू." मी वहीत लिहायचो. शेजारचे तानबाकाका दुखरा गुडघा घेऊन यायला लागले. "दवाखान्यात लाइन लावा लागते, इथं रुपेशचा करंट मोफत हाय," म्हणायचे. पाठोपाठ आणखी सातजण आले. मी कोणाकडून पैसा घेतला नाही. पण त्यांनी ओट्यावर बसून माझी वाट पाहावी, हे मला फार आवडायचं.

जानेवारीत तू फोन केलास. "दादा, चुंबकानं नाई वाढल्या रे. तुही कॉइल तापते. पेशींच्या पेटीत पाऊण अंश गरमी वाढून राह्यली, त्यानं वाढल्या."

"माझी कॉइल तापत नाही."

"तार हाय तं तापनच ना! तूच शिकवलं मले."

मग तू म्हणालीस, तपासायला एक खोटी कॉइल पाहिजे. तेवढीच तार, तेवढीच गरमी, पण चुंबकत्व शून्य. आपण कोणत्या कॉइलमध्ये आहोत ते पेशींना कळायला नको. मी म्हटलं, "मी खोटं बनवत नाही." त्याच फोनवर तू आणखी एक गोष्ट बोलली होतीस. तीही लिहायची आहे.

खोटी कॉइल कशी बनते हे मला तू बोलता-बोलताच समजलं होतं. दोन तारा जोडीनं गुंडाळायच्या, ऐंशी-ऐंशी फेरे. एकीतून करंट गेला की दुसरीतून उलटा परत आणायचा. दोघी एकमेकींना मारतात. तार तापते, चुंबकत्व उरत नाही. मार्चच्या पहिल्या तारखेला मी ती बनवली, आईच्या पायाच्या मापाची. तुला सांगितलं नाही. आईलाही नाही. आठ दिवस खरी लावली, आठ दिवस खोटी.

सोळा मार्चला खोटीचा शेवटचा दिवस होता. आई म्हणाली, "आज आठ आणे उतरलं." मी विचारलं, "इतकं कसं उतरलं?" तर म्हणाली, "गरम गरम लागते. अन् मशीन लावली का तू अर्धा घंटा बसतं माह्यापाशी. नाई तं तुले कुठं टाइम असते?"

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोळा मार्च आहे, मेघा. संध्याकाळचे सव्वासात.

त्यानंतर मी मशीन बंद करायला हवी होती. नाही केली. तानबाकाकांना काय सांगू, तुला काय सांगू, हेच डोक्यात. उलट खोटी काढून पुन्हा खरी लावली, जणू त्यानं काही फरक पडणार होता. आणखी सहा आठवडे. वहीत रोज आणे लिहिलेले आहेत, अक्षर चांगलं आहे. पाय सुजला, आई उभी राहीना, तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. हाडात गाठ होती आणि छातीपर्यंत गेली होती. ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, चार-पाच महिने आधी आणायला पाहिजे होतं. मी बोटांवर मोजलं. जानेवारी येत होता.

नागपूरच्या मोतीलाल व्यापाऱ्याला मी साडेसात लाखाला नाही म्हटलं, हे तुझ्या कानावर आलं असेल. त्याला आईचा फोटो लावून माझ्या कॉइलचे दुखण्यावरचे पट्टे विकायचे होते. एवढा पैसा सोडला म्हणून सिंदीत माझं फार कौतुक चाललं आहे. ते ऐकलं की मी दुकानाचं शटर ओढून घेतो.

ही खोटी जोडी तुमच्या पेटीच्या मापाची आहे. गरमी दोन्हींत सारखी आहे, थर्मामीटर लावून तीनदा पाहिली. सरांना सांग, वापरा. उत्तर शून्य आलं तर शून्यच छापा, आणि कॉइल कोणी बनवली तेही छापा. आईच्या पायाची वही खोक्यात तळाशी आहे. तीही तुझीच.

उत्तर नाही लिहिलं तरी चालेल. खोकं पोचल्याची सही तेवढी कर.

तुझा दादा,
रुपेश

ता. क. जानेवारीतल्या फोनवर तू म्हणाली होतीस, "दादा, आईले माह्याकडं आणून दे. एक्स-रे, एमआरआय सगळं करून घेतो, पैसे मी भरतो." मी नाही म्हटलं. सगळ्या तपासण्यांचे मिळून चार हजार दोनशे रुपये होत होते.