दुलारी मॉलचा चौक उघडाच राहील

मी, श्रीमती दुलारीबाई रेवाराम कटरे, वय वर्षे बहात्तर, राहणार दुलारी मॉलचा मागचा मजला, कुडवा, तालुका व जिल्हा गोंदिया, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवते. दाबाखाली मी आजवर आले नाही, आता या वयात काय येणार. गुडघे दुखतात, डोके शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मॉलखालची जमीन माझ्या वडिलांची. मला भाऊ नव्हता, म्हणून त्यांनी हयातीतच ती बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. एकोणीसशे नव्व्याण्णवला गोंदिया जिल्हा झाला आणि प्लॉट पाडणारे दलाल माझ्या ओट्यावर बसू लागले. मी त्यांना चहा पाजला, जमीन दिली नाही. शहर आमच्याकडे चालत येणार हे मला दिसत होते. माझे यजमान कै. रेवाराम यांचा तांदळाचा व्यापार होता, त्यांनी पैसा उभा केला. मुलगा भुवनेश्वर नागपूरहून आर्किटेक्ट घेऊन आला. नाव माझे द्यायचे हे यजमानांनी ठरवले, आणि ती पाटी पाहून मी आजही खुशाल फुगते.

आमची ही बांधी, म्हणजे धानाचे शेत, गावच्या मंडईची जागा होती. दिवाळीनंतर धान निघाले की रिकाम्या बांधीत एक दिवस मंडई भरायची. दुकाने, पाळणे, पाव्हणे, आणि रात्री दंडारीचा नाच-खेळ. मॉलच्या नकाशात मंडईला जागाच नव्हती. मी भुवनेश्वरला विचारले, "मंडईले कायले हाकलून राहिला, बाबू? तिलेबी एक गाळा दे." यजमान हसले, पण नकाशा बदलला. मधोमध मोठा उघडा चौक सोडला. आर्किटेक्टने त्याला मेलेली जागा म्हटले.

उद्घाटनाची तारीख भुवनेश्वर आणि आर्किटेक्ट यांनी नागपुरात बसून धरली, ती भर जुलैची. मी म्हणाले, धानाच्या रोवण्यात कोण येणार, साऱ्या बाया चिखलात असतील. शेतकऱ्याच्याच नातवाला रोवणा आठवला नाही! फीत कापली, बँडवाल्यांनी चहा घेतला, आणि समोरच्या बांध्यांतल्या बायांनी कमरा सरळ करून तेवढा बँड ऐकला. गणपतीपर्यंत निम्म्या गाळेवाल्यांनी शटर ओढले. यजमान जेवेनासे झाले.

मग दिवाळी झाली आणि मंडई आपल्या पायांनी चौकात आली. भारनियमनामुळे सारा कुडवा अंधारात आणि आमचा जनरेटर धडधडतोय. खाली कासाराकडे बांगड्या भरलेल्या बाया उजेड पाहून वर चढल्या आणि लुगड्यांच्या दुकानात ठाण मांडून बसल्या. हातात धानाचा पैसा होता. पुढच्या आठवड्यात शटर उघडली, ती आजतागायत उघडी आहेत. आता बिरसीला विमान चालवायला शिकणारी पोरे इथे कॉफी प्यायला येतात, आमगावची लग्ने इथे बस्ता बांधतात. हे सगळे त्या मेलेल्या जागेच्या जिवावर झाले, हे मी ठासून लिहिते.

माझ्या पश्चात तळमजल्याचे सर्व गाळे भुवनेश्वरला आणि वरच्या मजल्याचे सर्व गाळे मुलगी सौ. नीतू हिला मिळावेत. लग्न झालेल्या मुलीला कायले, असे काही भाऊबंद म्हणतील. त्यांना सांगावे की ही जमीन मुलीलाच मिळाली होती, म्हणून ती राहिली. मागचा मजला सून राहील तोवर तिचा. माझे दागिने नीतू आणि सून यांनी समजुतीने घ्यावेत. भांडल्या तर मी वरून पाहीन.

गोंदियाच्या बाजारातले कापडवाले भैय्यालाल भर दुकानात मला म्हणाले होते, "भाभीजी, कुडवा में मॉल? सियार शॉपिंग करेंगे क्या?" त्यांच्याच मुलाने पुढे आमच्याकडे गाळा घेतला. भैय्यालाल यांच्यासाठी चौकात एक खुर्ची कायम ठेवावी. त्यांनी निवांत बसावे आणि कोल्हा दिसला तर कळवावे.

आता चौक. नागपूरची एक कंपनी सगळा मॉल घ्यायला तयार आहे, पण चौकावर छप्पर आणि खाली त्यांचे दुकान हवे आहे. भुवनेश्वरचे मन तिकडे आहे. परवा तो म्हणाला, "आई, एका दिवसाच्या मंडईसाठी वर्षभर जागा उघडी ठेवून राहिलो आपण."

मी म्हणाले, "त्या एका दिवसानं तुह्या बापाले जेवू घातलं, बाबू."

त्याने कंपनीचा कागद घडी करून खिशात घातला, पण माझ्यामागे तो पुन्हा बाहेर काढणार नाही याचा भरवसा नाही. मुलगा गुणाचा आहे, कष्टाळू आहे, फक्त नागपूरचा माणूस बोलला की त्याला ते खरे वाटते. म्हणून चौक भुवनेश्वर व नीतू यांच्या सामाईक मालकीचा राहील. त्याची वाटणी नाही, विक्री नाही, त्यावर छप्पर नाही. मंडईवाल्यांकडून भाडे घेऊ नये. दोघांपैकी जो छप्पर घालील त्याच्या वाट्याचे गाळे नात हर्षिता हिला जातील. वडिलांची धान मोजायची पायलीही हर्षितालाच द्यावी, कारण मंडईच्या दिवशी ही पोर आजही मंडई पाहत बसलेल्या पायऱ्यांवरून उठत नाही.

शेवटचे. मंडईच्या सकाळी चौकाचे फाटक भुवनेश्वरने स्वतः उघडावे, नोकराला सांगू नये. आणि मी नेमकी त्याच दिवशी गेले, तर मंडई मोडू नये, पुढे ढकलू नये. माझी तिरडी माल उतरवायच्या मागच्या फाटकातून न्यावी. पुढच्या फाटकात त्या वेळी गिऱ्हाईक असेल.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ते चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचले, आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

सही: दुलारीबाई रेवाराम कटरे

साक्षीदार:
१. हिरालाल टेंभरे, चष्म्याचे दुकान, वरचा मजला (वरील चष्मा यांच्याकडचाच)
२. सुमित्राबाई बिसेन, निवृत्त शिक्षिका, कुडवा

ठिकाण: कुडवा, गोंदिया
दिनांक: २१ ऑक्टोबर २०१६, मंडईच्या आधी