कोच परत येतील याची हमी

अल मनखूल, दुबई
गुरुवार, २२ मार्च २००१

तीर्थस्वरूप मनोरमामावशीस,
दर्शनाचा वाकून नमस्कार.

गेलेला माणूस परत येईलच, हे दुसऱ्याने कशाच्या जोरावर सांगायचं? मला सांगता येत नाही. बी.ए.ला हा प्रश्न नव्हता. खरं तर आधी तुझा गुडघा कसा आहे, कोंबडी अंड्यांवर बसली का, हे विचारायला हवं होतं. ते आता विचारते. आम्ही ठीक आहोत. (बाबा रास अल खोरच्या गॅरेजातून येतात तेव्हा ठीक नसतात, जेवल्यावर होतात.)

माझ्या नोकरीचं तू विचारलं होतंस. क्लबच्या मुलांच्या फुटबॉल विभागात मी टायपिस्ट आहे. आमचे कोच अनिबाल चिलीचे, म्हणजे नकाशात दक्षिण अमेरिकेच्या कडेला जो चिंचोळा देश आहे तिथले. गाव तांब्याच्या खाणीचं, भोवती वाळवंट. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून माणूस वाळूतून वाळूतच आला. ते डिफेंडर होते. गोल करणारे नव्हेत, करणाऱ्याला अडवणारे. सोळा वर्षांत त्यांनी तीन गोल केले, त्यातले दोन आपल्याच संघावर. (हे त्यांनीच सांगितलं. त्यातला एक फार सुंदर होता म्हणे.) त्र्याण्णव साली ते इथे खेळायला आले, पंचाण्णवला गुडघा गेला, तुझ्यासारखाच डावा, आणि क्लबने त्यांना चौदा वर्षांखालच्या मुलांचं कोच केलं.

तेव्हापासून आमची मुलं फक्त अडवतात. कोच स्पॅनिशमध्ये ओरडतात, बसचा ड्रायव्हर खैरुद्दीन इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचं हिंदी करतो आणि मुलं इंग्रजीत उत्तर देतात. या मोसमात एकवीस सामन्यांत आमचे चार गोल झाले. परवा रोनित उड्या मारत आला, "मिस, वी लॉस्ट ओन्ली वन-झीरो!" पालक चिडलेले असतात. पण मावशी, जय नावाचा एक जाडा मुलगा आहे, त्याला कुठलाच संघ घेत नव्हता. तो आमच्याकडे प्रत्येक सामना खेळतो. आणि सरावात कुणी पडलं तर कोच त्याला उचलत नाहीत. दुखऱ्या गुडघ्यासकट त्याच्याशेजारी मातीत बसतात आणि तो आपण होऊन उठेपर्यंत बसून राहतात.

हे सगळं कुणाला तरी कळावं असं मला वाटायचं. सेक्रेटरींनी मोसमाचा अहवाल मागितला. एक पान पुरलं असतं, मी सात लिहिली. खरं लिहिलं की भलंच होतं अशी माझी समजूत होती. (हसू नकोस.) सहाव्या पानावर लिहिलं, की कोचची आई गावी एकटी आहे, ते रोज तिचं नाव काढतात, आठ वर्षांत एकदाच घरी गेले, तरी त्यांना रजा मिळावी. पंधरा दिवसांनी फॅक्स आला, आई आता थोड्या दिवसांची सोबती आहे. कोच अर्ज घेऊन गेले, इंग्रजीसाठी मी बरोबर. सेक्रेटरींनी माझंच सहावं पान आमच्यापुढे सरकवलं. "ज्याला आईची एवढी आठवण येते, तो परत कशाला येईल?" एप्रिलमध्ये स्पर्धा आहे. नंतर बघू, इन्शाल्ला.

सगळ्यांचे पासपोर्ट क्लबच्या तिजोरीत असतात. इथली रीत अशी, की जाणाऱ्याचा पासपोर्ट सोडवायचा तर दुसऱ्या कुणी आपला त्या जागी ठेवायचा. गेलेला आला तर बरं. नाही आला तर ठेवणारा अडकला. आपल्या कोकणातल्या माणसाला खोलीतच दहा गाववाले भेटतात. कोचना अख्ख्या दुबईत चिलीचा दुसरा माणूस माहीत नाही. खैरुद्दीनला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "बेटी, मेरा तो पहलेसे अंदर है." त्याचा चुलतभाऊ अठ्ठ्याण्णव साली पेशावरला वडिलांच्या मातीला गेला, तो अजून तिथेच आहे. मैदानाचा माळी हमदुल्ला, त्याला विचारलं तर त्याने नळी घेतली आणि संध्याकाळपर्यंत गवताला पाणी घालत राहिला. (इतकं हिरवं मैदान मी इथे पाहिलं नाही.)

तिसऱ्याला विचारायला कोचनी नकार दिला आणि मुलांचा सराव घेतला. त्या दिवशी ते एकदाही ओरडले नाहीत. खैरुद्दीन शेजारी उभा होता, पण हिंदी कशाचं करणार?

मी बाबांच्या व्हिसावर असल्याने माझा पासपोर्ट घरीच ट्रंकेत असतो. बाबांकडे विषय काढला तर म्हणाले, "आपल्या गावचा असता तर गोष्ट वेगळी." शिवाय एक मेला शाळेत माझा सत्कार. तू देवरुखभर सांगितलंस, आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून. म्हणून तुझा सल्ला मागते. तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
दर्शना

ता.क. सत्काराचा फलक छापायला टाकला असेल तर तारीख कोरी ठेवायला सांग. शाल तुझ्या आशाला पांघरली तरी चालेल, ती माझ्याच उंचीची आहे.

ता.क. दुसरा. बाबांना शुक्रवारी सकाळी फोन कर. अंघोळ झाल्यावर ते शांत असतात. आधी गुडघ्याचं बोल, मग हळूच पुढचं. माझ्याने होत नाही.

ता.क. तिसरा. सल्ला सावकाश पाठव. कोच मंगळवारी गेले. येतो म्हणाले नाहीत. कॅप्टनची पट्टी जयच्या दंडाला बांधली आणि टॅक्सीत बसले. ट्रंकेची किल्ली आईच्या देवघरात असते. माझा पासपोर्ट मी सोमवारीच तिजोरीत ठेवला. 'कोच परत येतील याची हमी मी देते' असा कागद होता, त्याखाली सही केली आणि नावापुढे पहिल्यांदाच बी.ए. लिहिलं.