ओढ्यातले खेकडे

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९७१. वराळे.

आज दुपारी ठकीमावशी टोपलीत खेकडे घेऊन दारात आली. "भाऊ, आपल्याच वड्यातलं हायती." कातकरवाडीवरची ही म्हातारी. रंगाचा कारखाना आल्यापासून ओढ्यात उतरलीच नव्हती. कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली, तरी मी ते पाणी मेलेलंच समजत होतो.

तिच्यामागून ओढ्यावर गेलो. तळाचे गोटे दिसत होते. किती वेळ बघत उभा होतो, कोण जाणे. खरंच गोटे दिसत होते!

न राहवून सांगून टाकलं, "मावशी, कारखान्याची घाण ओढ्यात सोडायची तोटी मीच उघडायचो."

"ठावं हाय. बांधावरनं बगायची की मी."

"मग मला कशाला देतेस खेकडे?"

"लोक भित्यात, इकत घेत न्हाईत. कारखान्याचा मानूस खातोय म्हनल्यावर घेतील."

मला वाटलं होतं, तिने माफ केलं असेल. तसं काही ती बोलली नाही.

संध्याकाळी ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असा, खेकड्याचा रस्सा ओरपत बसलो. पहिल्या घासाला मीही भ्यालोच. समोरच्या वहिनी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या येतीय का हो मावशी?"

म्हटलं, येईल.