एकोणीस गुणांचे रक्त

दि. ६ जानेवारी

चि. धाकटीस,
दादाचे अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. हिमोग्लोबिन नऊ आल्याचे वाचून खेद झाला, आश्चर्य मुळीच वाटले नाही. शिवणाच्या मशीनवर बसलीस की तुला जेवणाची शुद्ध राहत नाही, हे मी तुझ्या लग्नाआधीपासून सांगत आलो आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या नियमाने घे.

आता माझे ऐक. परवा रक्तदान शिबिरात गेलो होतो. पासष्टीनंतर कोणाचे घेत नाहीत, हा त्यांचा नियम मला ठाऊक आहे. परंतु एकसष्ट वेळा रक्त दिलेल्या माणसास दारातून परत पाठवणे मला मान्य नव्हते. निदान तपासा, असे मी बजावले. बोटास सुई टोचली आणि आकडा आला एकोणीस पूर्णांक दोन! माझ्या मागे उभा असलेला पंचविशीचा धटिंगण चौदावर अडकला होता. एकाहत्तराव्या वर्षी पहिला नंबर. तेथील बाईंनी कपाळास आठ्या घालून डॉक्टरांस दाखवा, असे सुचवले. लोकांस दुसऱ्याचे यश पाहवत नाही.

बाकी क्षेम. स्नानानंतर अंगास फार खाज सुटते. सूनबाईने साबण बदलला, त्याचा हा प्रताप. तिला तसे स्पष्ट सांगितले आहे.

प्रकृतीस जपावे, हे आशीर्वादासह.
दादा

---

दि. २० जानेवारी

ती. दादांस,
धाकटीचा सा. न.

पत्र वाचून इतकी हसले, की दोरा सुईतून निघाला. दादा, ते गुण नव्हेत हो! मी माझ्या डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं, की माझ्या भावाला एकोणीस मिळाले. ते हसलेच नाहीत. तुमचा चेहरा लाल असतो का, डोकं जड होतं का, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर खाज येते का, असं एकामागून एक विचारत गेले. मी म्हटलं, तुम्ही आमच्या दादांना ओळखता की काय? तर म्हणाले, कमी रक्त हा जसा आजार, तसा जास्त रक्त हाही आजार. ते घट्ट होतं, त्याच्या गुठळ्या होतात. लगेच दाखवा म्हणाले.

तेव्हा त्या बिचाऱ्या साबणाला माफ करा आणि सूनबाईंबरोबर दवाखान्यात जा. डॉक्टर बाईमाणूस निघाली, तर तिच्यासमोर नाक वर करून बसू नका.

माझ्या गोळ्या चालू आहेत. तोंडाला लोखंडाची चव येते, पण जिने चढताना आता थांबावं लागत नाही.

राग आला तरी माया पातळ करू नये, ही विनंती.
तुमची धाकटी

---

दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सूनबाईने घरात बोलणे बंद केले, म्हणून गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई वयाने लहान, परंतु बोलण्यात नेमक्या आहेत. हाडांच्या पोकळीत रक्ताच्या तांबड्या पेशी तयार होतात. माझ्या हाडांना काम थांबवण्याचा हुकूम ऐकू येईनासा झाला आहे, म्हणून उत्पादन अखंड चालू आहे. रक्तात पेशींचा वाटा शेकडा पंचेचाळिसाच्या आत हवा, माझा अठ्ठावन्न आहे. हा आजार संसर्गाचा नाही व कोणाच्या पापाचाही नाही, असे त्या म्हणाल्या. मी पाप विचारले नव्हते.

उपाय ऐकून मात्र मी उठून उभा राहिलो. दर आठवड्यास एक बाटली रक्त काढायचे आणि फेकून द्यायचे! असे रक्त दुसऱ्या कोणास चालत नाही म्हणे. एकसष्ट बाटल्या मी माणसांस दिल्या. बासष्टावी गटारास देणार नाही. मी चाळीस वर्षे बॉयलर चालवला, हे सूनबाईने त्यांस सांगितले होते. तेव्हा बाईंनी मलाच शिकवले, की बॉयलरच्या तळाचे पाणी तुम्ही रोज सोडत होताच ना. मी उत्तर दिले, की ते गाळाचे पाणी होते. माझे रक्त गाळ नव्हे.

फक्त लहान मात्रेची ॲस्पिरिनची गोळी घेण्याचे मान्य केले आहे.
या पत्राचा शेवट नीट आला नाही. पेन खराब आहे.

दादा

---

दि. १९ फेब्रुवारी

ती. दादांस,
सा. न.

पेन खराब नाही. वरचा मजकूर त्याच पेनाने मोत्यासारखा लिहिला आहे तुम्ही. शेवटच्या तीन ओळी मात्र कागदावरून खाली उतरत गेल्या आहेत, आणि ‘दादा’ या शब्दाला काना एकच आहे. पाटीवरसुद्धा पट्टी ठेवून लिहिणारा माझा भाऊ असं लिहीत नाही. हात बधिर झाला होता ना? खरं सांगा.

मी तुमच्याएवढी हट्टी नाही, असा तुमचा समज आहे. तो आज दूर करते. माझ्या गोळ्यांची डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. तुमची पहिली बाटली निघेल त्या दिवशी मी पहिली गोळी घेईन. तुम्ही आठवडा चुकवलात, की माझाही आठवडा चुकला. डॉक्टर रागावतील, रागावू देत. चक्कर येईल, येऊ दे. रक्त तुमचं तसं माझंही आहे.

माया आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
धाकटी

---

दि. २५ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद आज दिलेला नाही, याची नोंद घ्यावी.

होय, उजवा हात अर्धा तास माझा नव्हता. पत्र पुरे करण्याच्या हट्टाने तसाच लिहीत राहिलो. नंतर कप सुटून फुटला आणि तो मांजराने पाडला, असे मी सूनबाईस सांगितले. आपल्याकडे मांजर नाही.

परंतु म्हणून तू औषध सोडावेस? हा शुद्ध आडदांडपणा आहे. वडिलांच्या माघारी तुला मी वाढवले, ते मलाच पाणी पाजण्यासाठी नव्हे. ताबडतोब कुलूप काढ. मोठा भाऊ या नात्याने हा हुकूम आहे.

दादा

---

दि. १ मार्च

ती. दादांस,
सा. न.

हुकूम पोचला. माझ्या हाडांनाही तो ऐकू आला नाही.

काल जिन्यात दोनदा बसले. किल्ली ब्लाउजच्या आत पिनेला अडकवली आहे.

धाकटी

---

दि. १५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझे तीन ओळींचे पत्र वाचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून निघालो. सूनबाई चपला शोधत मागून धावली. डॉक्टरीणबाईंस मी सांगितले, की रक्त घ्या, परंतु कोणाच्याही उपयोगी न पडता ते जाणार नाही, ही माझी अट आहे. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, की रक्त तपासणे शिकणाऱ्यांचा वर्ग येथेच माडीवर भरतो. तुमची लेखी संमती असेल तर बाटली आधी तेथे नेऊ. मी वळणदार सही केली.

शीर दोनदा हुकली. तिसऱ्या वेळी मी दंड पुढे केला आणि नेम धरून टोचा म्हटले. रक्त काकवीसारखे सावकाश उतरले. परवा सोमवारी दुसरी बाटली झाली. डोके बरेच हलके आहे.

काल मला माडीवर बोलावले होते. चौथी पास माणूस वर्गात शिरला आणि बावीस जण उभे राहिले. काचपट्टीवर माझा थेंब पसरून तो सूक्ष्मदर्शकातून मला दाखवला. प्रत्येक पेशी वाटोळी, मधोमध फिकट, घडणीत खोट नाही. केवळ गर्दी इतकी, की एकीला सरकायला जागा नाही. मी सर्वांस बजावले, की कोणी एकोणीस घेऊन छाती पुढे काढून आला, तर त्याचे अभिनंदन करू नका. स्नानानंतर खाज सुटते का, ते विचारा. साऱ्यांनी ते वहीत उतरवले. एकीने भीती वाटते का, असे विचारले. मी म्हणालो, वाटते. परंतु त्या भीतीपायी मी बाटलीचा सोमवार चुकवणार नाही.

धडा संपल्यावर ते रक्त जाळतात. जाळोत. हा आजार जन्मभराचा आहे, असे बाई सांगतात. तसे असेल तर त्याचीही जन्मभर माझ्याशी गाठ आहे.

आता तुझी पाळी. दोन बाटल्या झाल्या, दोन आठवड्यांच्या गोळ्या तू मला देणे लागतेस. पिन काढ, कपाट उघड. पहिली गोळी हे पत्र हातात असतानाच घे, पाण्याबरोबर, चहाबरोबर नव्हे. ती घशाखाली उतरल्याखेरीज उत्तर लिहायला बसू नकोस.

लोभ ठेव, अशी विनंती मी करत नाही. आज्ञा करतो.
दादा