कडुलिंबाच्या गडूचं वाढलेलं वजन

बेसा, नागपूर
८ जून २०२५

प्रिय रोशनीताई,

सप्रेम जय भीम. अडीच महिने पत्र नाही, म्हणून माफी आधीच मागतो. कारणं खाली येतीलच. ती माफीच्या लायकीची आहेत का, ते तूच ठरव. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींना नमस्कार. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तिचं गोड बंद केल्यापासून आई आश्चर्य वाटावं इतकी खुश आहे (ते पुढे येईल).

आधी महत्त्वाचं: गडू फुटला नाही. बाबांनी लावलेला कडुलिंब रस्ता रुंदीकरणात तोडला गेला तेव्हा त्याच्या लाकडाचा गडू तुझ्या नव्या घरासाठी करून देईन, असा शब्द मी दिला होता. कामाचे तुकडे तीनच निघाले. शेजारचे धम्मानंदकाका (कळमेश्वरच्या कारखान्यातून निवृत्त, मागच्या अंगणात लाकूड कातायचं लेथ) यांनी शिकवलं, की लाकूड ओलं असतानाच आतून पोखरायचं, सगळीकडे सारखं जाड ठेवायचं आणि मग हळूहळू वाळू द्यायचं. बाहेरचं आधी सुकून आवळलं आणि आतलं ओलं राहिलं, की चीर पडलीच. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. तरी पहिल्या गडूचं बूड जाड राहिलं, आणि चौथ्या दिवशी आम्ही जेवत असताना तो टाळकन वाजून उभा चिरला. दुसरा तुझ्या भावजयीने, मेघाने, गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत ठेवला. तिचा दोष नाही. 'ओला आहे, ओला आहे' असं घरात दहा वेळा मीच सांगितलं होतं, आणि उन्हाळ्यात ओली वस्तू कुठे नेतात हे नागपुरात सांगावं लागत नाही. कुरडया उत्तम वाळल्या.

उरला तिसरा, शेवटचा. तो लेथच्या छिलप्यांसकट कागदी पिशवीत बांधला आणि त्याला कोणीही हात लावायचा नाही, असं घरात जाहीर केलं. दर रविवारी पिशवीसकट वजन करायचं. ते उतरायचं थांबलं, की गडू वाळला. चार रविवार वजन शिस्तीत उतरलं. पाचव्या रविवारी ते दोनशे दहा ग्रॅम वाढलं.

लाकूड काही लठ्ठ होत नाही. मी काटा तपासला, स्वतःला तपासलं आणि शेवटी कूलरला पकडलं. कूलरची दमट हवा लाकूड पीत असणार, म्हणून कूलर बंद. मे महिना, पंचेचाळीस अंश. मेघा म्हणाली, "तुमचं भांडं ओलं राहीन तर राहीन, आम्ही सुकून राहिलो ना!" आई मात्र एका शब्दाने तक्रार करेना. मला वाटलं, शास्त्राची कदर घरात तिलाच. पुढच्या रविवारी वजन एकशेसाठ ग्रॅम उतरलं. मी वहीत 'सिद्ध' लिहून खाली दोन रेघा मारल्या (त्या आता खोडाव्यात की प्रामाणिकपणे तशाच ठेवाव्यात, याचा विचार चालू आहे).

काकांना सांगायला गेलो तर त्यांनी कपाळाला हात लावला. "येड्या, कूलर होता म्हणून तर वाचून राहिला होता तो! कोरड्या झळेत फाटला असन, पाह्य." आम्ही दोघं धावत घरी आलो. पिशवी जागेवर नव्हती. आई स्वयंपाकघरात माठापाशी बसलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पिशवी मांडीवर आणि हात मनगटापर्यंत गडूत. आत संत्रा बर्फीचे दोन तुकडे उरले होते.

"काहून आई?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? कोणी हात लावत नाही अशी या घरात तेवढीच तं जागा हाय. अन् लिंबाच्या भांड्यात ठेवली होती गा, साखर थोडीच बाकी राहते तिच्यात?"

"पॉइंट आहे," काका म्हणाले.

कूलर बंद झाल्यावर बर्फी खराब होईल म्हणून ती रोज पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवत होती आणि रविवारी सकाळी फडकं सोडून जागच्या जागी. काकांनी गडू उजेडात फिरवून, नखाने चाचपून पाहिला. एक चीर नाही. मी तिथेच फरशीवर बसलो, ताई, आणि किती तरी वेळ नुसता हसत होतो. पदवीधर मुलाने जो जवळजवळ फोडलाच होता, तो बर्फीच्या काळजीने वाचवला. कूलर लगेच सुरू झाला. आज तीन आठवडे वजन (रिकाम्या गडूचं) हललेलं नाही. गडू तयार आहे.

तुझा,
सुशील

ता. क. पाठवायला खोका आणला, तर आईने गडू बाबांच्या फोटोशेजारी नेऊन ठेवला. म्हणते, दुपारी त्याच्यापाशी बसलं का तुह्या बाबाच्या लिंबाखाली बसल्यावानी वाटते. हे मनातलं आहे की बर्फीचा बचाव, यावर मी वहीची दोन पानं भरली, ठरलं नाही.

आणखी एक. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तुला दिलेला शब्द मोडवत नाही आणि तिच्या जवळून गडू उचलवत नाही. तूच फोन करून तिला सांग, की नव्या घरात लाकडी वस्तूला जागा नाही. हे खोटं आहे, कबूल. पण ते माझ्याने बोलवणार नाही, आणि लहानपणापासून तू माझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलतेस.

वहीत उद्यासाठी लिहिलंय: आईला उपाशीपोटी रक्तातली साखर तपासायला नेणे.