सपाट उघडणारा लॅपटॉप

३ फेब्रुवारी

आला! खोक्यातून काढला तेव्हा वाटलं, आत काही भरायचंच विसरले की काय. जुन्या धोंड्याच्या निम्मंही वजन नाही! दुकानदार तोंड वाकडं करून म्हणाला होता, "ताई, या किमतीत एवढंच मिळतं." मिळू दे. एका हातात धरून घरभर मिरवला. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला — "पाटी आणलीस?" मी ओरडले, लॅपटॉप! ते म्हणाले, "बरं, बरं." म्हणजे ऐकू आलं नाही. कानाचं यंत्र लावतील तर शपथ!

५ फेब्रुवारी

औषधांच्या माहितीपत्रकांचा अनुवाद, एका बैठकीत बारा पानं. कीबोर्ड मऊ, मांडीवर घेतला तरी चटका नाही, चार्जर दिवसभर पिशवीतच. खोड काढायचीच तर — खिडकीपाशी बसलं की पडद्यात माझंच तोंड दिसतं. पेनड्राइव्ह लावला की माऊस जोडायला जागा उरत नाही. आणि आवाज? डबीत कोंडलेली माशी!

६ फेब्रुवारी

बाबांनी तपासणी केली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस — डोळ्याला भिंग लावून बिजागरी पाहिली. झाकण चिमटीत धरून वाकवलं, माझा जीव खाली-वर. निकाल: "झाकण लेचंपेचं. बिजागरी मात्र झकास. करणाऱ्याने जीव ओतलाय." मग पडदा मागे, आणखी मागे — पार टेबलाला टेकला!

८ फेब्रुवारी

आधी कसं सुचलं नाही! जेवताना लॅपटॉप मधोमध सपाट ठेवला. पडदा आडवा, त्यामुळे मध्ये भिंत नाही, एकमेकांची तोंडं दिसतात. मी मोठ्या अक्षरांत टाईप केलं, 'भाजीत मीठ कमी आहे का?' आणि एका बोटाने गर्रकन त्यांच्याकडे फिरवला. हलकेपणाचा हा फायदा जाहिरातीत नव्हता. बाबांनी अक्षरं शोधत शोधत उत्तर दिलं, 'तीन वरशं कमीच आहे.'

हसून हसून पुरेवाट!

११ फेब्रुवारी

आता कामाला लॅपटॉप मागून घ्यावा लागतो.

१५ फेब्रुवारी

तीन वर्षं आमचं बोलणं म्हणजे माझं ओरडणं आणि त्यांचं 'बरं'. आता चक्क गप्पा! आज मात्र त्यांनी विचारलं, 'तू एवढी हुशार. इथे म्हाताऱ्यापाशी का अडकलीस? कुठे चांगली नोकरी मिळाली नाही का?'

मग लिहून टाकलं. मिळाली होती, बाबा. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या शहरात, एका प्रकाशनात संपादकाची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं होतं, 'जाऊ का?' तुम्ही घड्याळातून मान वर न काढता हात हलवलात — 'आत्ता नको.' पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

बाबांनी दोनदा वाचलं. झाकण हळूच मिटलं. अर्ध्या ताटावरून उठले.

१६ फेब्रुवारी

सकाळी पाहते तर बाबा माझ्या आधीच टेबलाशी. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

'त्यांना आजच पत्र लिही. मला ऐकूच आलं नव्हतं गं. वाटलं, चहा टाकू का विचारतेस.'